सुफळ, पण संपूर्ण नाही

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही मुलांसाठी हायाओ मियाझाकींचा जपानी 'स्पिरिटेड अवे' लावला. भिंतीवर पांढरी चादर, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, घरघरणारे पंखे आणि प्रत्येकाच्या हातात भेळेची पुडी. दहा वर्षांची चिहिरो देवांच्या स्नानगृहात राबते, डुक्कर होऊन बसलेल्या आईवडिलांना सोडवते आणि परत निघते. तिथे जिवाभावाचा झालेला हाकू तिला गवताळ माळापर्यंत पोचवायला येतो. पुढे त्याला जाता येत नाही. पुन्हा भेटू ना, ती विचारते. भेटू, तो म्हणतो. नक्की? नक्की. मग तिचा हात त्याच्या हातातून सुटतो आणि क्षणभर पडद्यावर फक्त त्याचा रिकामा हात उरतो. बोगद्याच्या अलीकडे उभी असलेली गाडी धुळीने माखलेली, आत पाचोळा. आईवडिलांना काही म्हणता काही आठवत नाही. चित्रपट संपतो.

दिवे लागले, पोरं भेळेच्या चिंचेवरून भांडत बाहेर पळाली. पहिल्या रांगेतली तिसरीतली एक मुलगी मात्र जागची हलेना. "काका, मग तो येतो का नंतर?" मी म्हटलं, माहीत नाही. खुर्च्या एकावर एक ठेवताना तिचे बाबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सुट्टीत जरा हसतंखेळतं काहीतरी लावा ना. आत्तापासून कशाला मुलांना हे..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

मी तेव्हा काही बोललो नाही, चादरीची घडी घालत होतो. पण त्यांचा तो अर्धा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. 'शेवट गोड आहे ना?' हे आपण नाटकाचं तिकीट काढताना विचारतो, पुस्तक हातात घेताना विचारतो. माझी आई तर चित्रपट सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्यायची आणि मी खुशाल खोटं सांगायचो. (मध्यंतरानंतर तिला अंदाज यायचा, मग घरी पोचेपर्यंत अबोला.) दिवसभर खपून आलेल्या माणसाने दोन-अडीच तास सुखाचे मागितले तर त्यात काही चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार वेगळी आहे. कल्पनारम्य चित्रपट म्हणजे पऱ्या, राक्षस, जादू, म्हणजेच पळवाट. आणि पळवाटच काढायची तर ती गोड तरी असावी, असं आपण धरून चालतो, ते मला पटत नाही. मला तर या प्रकारातल्या चांगल्या चित्रपटांत खरं जग सगळ्यात दाट भेटतं ते शेवटच्या दहा-वीस मिनिटांत, जेव्हा सगळं जिंकूनही गोष्ट पूर्ण गोड होत नाही तेव्हा. कारण तिथे ती असं काही विचारते, जे आपण सार्वजनिक आयुष्यात शिताफीने टाळतो: जिंकलो ते ठीक, पण भरपाई कोणी केली?

श्रावणात आजी कहाण्या वाचायची. आम्ही मुठीत अक्षता धरून बसायचो. आटपाट नगर होतं, तिथे राजा होता, त्याची नावडती राणी होती, आणि शेवटी देव जसे तिला पावले तसे तुम्हाआम्हाला पावोत. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. व्रताच्या कहाणीला असाच शेवट हवा, तिचं कामच ते. पण मी ज्या चित्रपटांबद्दल बोलतोय ते सुफळ होतात आणि संपूर्ण होत नाहीत. फळ मिळतं, ते ज्याने मिळवलं त्याच्याच वाट्याला येतं असं नाही.

'द रिटर्न ऑफ द किंग' २००३ साली आला. पीटर जॅक्सनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्रिधारेतला हा तिसरा भाग, अकरा ऑस्कर मिळवणारा. आला तेव्हा त्याची एक चेष्टा सगळीकडे चालायची: संपला म्हणून उठावं तर पुन्हा सुरू, पुन्हा उठावं तर पुन्हा सुरू. तीन तास वीस मिनिटं बसलेल्या माणसाचं बरोबरच होतं म्हणा. जगावर सत्ता देणारी दुष्ट अंगठी ज्वालामुखीत पडते, काळा बुरूज कोसळतो, राज्याभिषेक होतो, आणि नवा राजा त्या चार बुटक्या हॉबिटांना म्हणतो की तुम्ही कोणापुढे वाकायचं नाही. सगळी नगरी त्यांच्यापुढे झुकते. दुसऱ्या कोणी इथेच 'समाप्त' लिहिलं असतं.

त्यानंतर ते चौघे गावी परततात. गावच्या गुत्त्यात एका टेबलाभोवती बसतात. आजूबाजूला नेहमीचा कलकलाट. एक म्हातारा भलामोठा भोपळा कवटाळून आणतो आणि सगळ्यांचे डोळे त्या भोपळ्यावर. या चौघांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. हे जग वाचवून आलेत, हे तिथे कोणाच्या गावीही नाही. ते एकमेकांकडे बघतात आणि काही न बोलता पेले उचलतात. अख्ख्या तीन भागांत याहून खरं दृश्य मला सापडत नाही. लढाया बघताना आपण तोंडाचा आ करतो. इथे तो मिटतो.

यातला फ्रोडो, ज्याच्यावर अंगठी नष्ट करायचं काम होतं तो, परत आलाय, पण पूर्ण परत आलेला नाही. एक बोट गेलंय. चार वर्षांपूर्वी खांद्यात घुसलेल्या पात्याची जखम अजून ठणकते. आणि शेवटच्या कड्यावर आपण स्वतः हरलो होतो, अंगठी टाकायला ऐन वेळी नकार दिला होता, हे त्याला माहीत आहे. अंगठी नष्ट झाली ती तिच्या मोहाने झपाटलेल्या गॉलमच्या हव्यासामुळे, आणि गॉलम तोपर्यंत जिवंत होता तो आधी कोणीकोणी त्याच्यावर केलेल्या दयेमुळे. म्हणजे ज्याच्या नावाने जयजयकार, तोच मनातून पराभूत. शेवटी तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. गाव वाचलं, पण त्याच्यासाठी नाही. घरी परततो तो त्याचा सोबती सॅम. दारातून आत जातो, मुलीला कडेवर घेतो.

याची मूळ कादंबरी लिहिणारे टॉल्किन १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते, लँकेशायर फ्युझिलिअर्समध्ये सिग्नल अधिकारी म्हणून. खंदकातल्या तापाने आजारी पडून इंग्लंडला परतले, म्हणून वाचले. १९१८ उजाडेपर्यंत जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे मेले होते, असं त्यांनीच पुढे प्रस्तावनेत लिहिलंय. आता इथे एक मोह होतो: अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, काळा प्रदेश म्हणजे अमुक देश. टॉल्किनना असली जुळवाजुळव अजिबात आवडत नसे, आणि मलाही तो खेळ बाळबोध वाटतो. काल्पनिक गोष्टीतला अर्थ शब्दकोड्यासारखा सुटत नाही. तो लेखकाच्या अंगाला चिकटून आलेला असतो, युद्धावरून आलेल्या माणसाच्या बुटाला चिखल चिकटून यावा तसा. त्यांना गुत्त्यातल्या भोपळ्याची कल्पना कोणी शिकवायची गरज नव्हती. (भोपळा जॅक्सनचा, हे कबूल. पुस्तकात परतलेल्या हॉबिटांचं गावच गुंडांनी बळकावलेलं असतं. चित्रपटाने तो भाग गाळला आणि त्याऐवजी हे दुर्लक्ष दाखवलं. चांगला सौदा झाला असं माझं मत.)

त्याच महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून किती तरी पोरं गेली. गावाच्या नावामागे 'मिलिटरी' लागलं ते कायमचं. गेलेल्यांच्या स्मरणार्थ तिथे शिळा आहे. परत आलेले पारावर बसून काय बोलत असतील, ते मात्र कुठल्याच शिळेवर नसतं.

आणि फार लांब जायला नको. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलऱ्यांत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, स्टीलची, कडेला पोचा आला तो अजून आहे. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा सेविकांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. पीपीई किट, तपासण्या, दारोदारच्या याद्या, सगळं करून झाल्यावर. तोवर आपली नजर भोपळ्याकडे वळली होती.

माझ्या मुद्द्याचा गाभा मात्र दुसऱ्या चित्रपटात आहे, आणि तो मुलांना दाखवायचा नाही. गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६). स्पेन, १९४४. यादवी युद्ध संपून पाच वर्षं झालीत, हुकूमशहा फ्रँकोची राजवट घट्ट बसलीय, डोंगरात थोडे बंडखोर उरलेत. ओफेलिया नावाची मुलगी गरोदर आईबरोबर सावत्र बापाकडे राहायला येते. बाप म्हणजे कॅप्टन विदाल, हातातल्या घड्याळाएवढाच निर्दय. तिला एक फॉन भेटतो, शिंगं असलेला, झाडाच्या सालीसारख्या कातडीचा, आणि सांगतो की तू पाताळातली राजकन्या आहेस, तीन परीक्षा दे आणि घरी चल.

तिसऱ्या परीक्षेत तो तिच्याकडे तिच्या तान्ह्या भावाला मागतो. दार उघडायला निष्पापाचं रक्त हवं. एक थेंब, टोचल्याएवढं. ती मूल छातीशी धरते आणि नाही म्हणते. फॉन चिडतो, राज्य घालवशील म्हणतो. ती नाहीच म्हणते. तेवढ्यात मागून विदाल येतो, मूल हिसकावतो आणि तिला गोळी घालतो. तिचं रक्त विहिरीच्या काठावरून आत ठिबकतं आणि दार उघडतं. सोन्याच्या उजेडात न्हालेला दरबार, उंच सिंहासनं, आईवडील. तू दुसऱ्याचं सांडण्यापेक्षा स्वतःचं रक्त दिलंस, हीच परीक्षा होती. इकडे दगडी फरशीवर मुलगी मरते आहे आणि वाड्यातली कारभारीण मर्सेडिस, बंडखोरांना आतून सामील असलेली, तिच्यावर वाकून अंगाई गुणगुणते आहे. दरबार खरा की मरणाऱ्या मुलीला पडलेलं स्वप्न? देल तोरोने स्वतः तो खरा मानतो असं सांगितलंय. प्रेक्षकांत अजून दोन तट आहेत आणि असू देत.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्या एका थेंबाचं. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, त्याग आणि बळी. त्याग आपला आपण करायचा असतो. बळी दुसऱ्याचा जातो. दोन्हींत रक्त तेवढंच सांडतं, म्हणून लांबून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. भाषणं करणाऱ्यांना तर तो दिसू द्यायचाच नसतो. कोयनेचं धरण झालं, राज्याला वीज मिळाली, उद्योग उभे राहिले, या सगळ्यात खोटं काही नाही. पण ज्यांची गावं शिवसागराच्या पाण्याखाली गेली त्यांच्या 'त्यागा'बद्दल आपण गेली साठ वर्षं कृतज्ञ आहोत, आणि त्यातल्या अनेकांच्या वारसांना पुनर्वसनासाठी अजून मोर्चे काढावे लागतात. त्यांना कोणी विचारलं होतं? न विचारता घेतलं त्याला बळी म्हणतात. त्याला त्याग म्हणणं म्हणजे फॉनची भाषा बोलणं: एकच थेंब, टोचल्याएवढं, बघ केवढं मोठं दार उघडतंय.

गोड शेवटाच्या कथेला हा फरक करावाच लागत नाही, कारण तिथे सगळ्यांचं सगळं परत मिळतं. हिशेबाचा प्रश्नच मिटतो. दुसऱ्या टोकाच्या निव्वळ काळ्या शेवटात सगळेच बुडतात. तिथेही हिशेब नाही. फळ हाती आलंय आणि कोणीतरी कायमचं वजा झालंय, अशा कडूगोड शेवटातच विचारावं लागतं की वजा होणाऱ्याने ते स्वतः ठरवलं होतं की कोणी त्याच्यासाठी ठरवलं.

त्याच चित्रपटात शेवटाला आणखी एक कड आहे. विदालला बंडखोर घेरतात. तो मूल मर्सेडिसच्या हाती देतो आणि निरोप सांगू लागतो, माझ्या मुलाला सांगा त्याचा बाप किती वाजता मेला. ती त्याला तोडते: त्याला तुझं नावसुद्धा कळणार नाही. काय टाळी पडावी असं वाक्य! पण ज्याला इतिहास माहीत आहे त्याची टाळी हवेतच थांबते. साल १९४४ आहे. फ्रँको १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. त्या रात्री डोंगरातले जिंकले आणि पुढची एकतीस वर्षं हरत राहिले. नावं पुसली गेली ती विदालसारख्यांची नव्हे, बेवारस खड्ड्यांत पुरलेल्यांची. १९७७ च्या माफी कायद्याने मागचं उकरायचं नाही असं ठरलं. या स्मृतींना मान देणारा कायदा स्पेनने केला तो २००७ साली, चित्रपटाच्या दुसऱ्या वर्षी. आणि फ्रँकोचे अवशेष माद्रिदजवळच्या भव्य स्मारकातून हलायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं. परीकथेने असा शेवट करावा की त्याचा कडवटपणा पडद्यावर नसून पडद्याबाहेरच्या इतिहासात असावा, हे मला थक्क करतं.

आता एक आक्षेप, आणि हा मी हलका मानत नाही. असे शेवट माणसाला 'चालायचंच' शिकवतात. थोडं गमवावंच लागतं, सगळ्यांना सगळं मिळत नाही, रडून घ्या आणि घरी जा. सत्ताधाऱ्यांना याहून सोयीचं तत्त्वज्ञान कुठलं? माझा एक मित्र कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला, तो म्हणतो, तुमचे हे सुंदर अश्रू म्हणजे भूल देण्याचं इंजेक्शन.

त्याला मी 'प्रिन्सेस मोनोनोके' बघायला लावला. हायाओ मियाझाकींचा, १९९७ चा. जुना जपान, जंगलात देव राहतात, आणि एबोशी नावाची बाई त्या जंगलाच्या कडेला लोखंड गाळण्याची वस्ती चालवते. ती झाडं तोडते, देवांवर बंदुका चालवते. खलनायिकाच म्हणायची, पण मग वस्ती आतून दिसते. कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या बाया भात्यावर पाय मारताना गाणी म्हणतायत. मागच्या बागेत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले कुष्ठरोगी बंदुका घडवतायत, आणि त्यांतला एक पडल्या पडल्या सांगतो की हिनेच आम्हाला माणूस मानलं. आनंदवन माहीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला इथे गप्प बसावं लागतं. मियाझाकींच्या घरापासून जवळच कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची जुनी वसाहत होती, तिथल्या भेटींतून ही माणसं आली. रुग्णांना समाजापासून तोडणारा कायदा जपानने रद्द केला तो १९९६ साली, म्हणजे चित्रपटाच्या जेमतेम एक वर्ष आधी. मध्ययुगातली गोष्ट म्हणून आपण बघतो आणि ती परवाची निघते.

शेवटी वनदेव मरतो. मरताना त्याच्या अंगातून हिरवळ पसरते, डोंगर पुन्हा कोवळे होतात. लांडग्यांनी वाढवलेली सान ते बघून म्हणते की पुन्हा उगवलं तरी हे आता त्याचं रान नाही. हातावर शाप घेऊन आलेल्या आशिताका या तरुणावर तिचा जीव आहे, पण माणसांना ती माफ करू शकत नाही. तो म्हणतो, चालेल, तू रानात राहा, मी वस्तीत राहून काम करेन, भेटायला येत जाईन. बस. लग्न नाही, समेट नाही, दोघं एका छपराखाली नाहीत.

मी मुंबईच्या उपनगरात राहतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली दोन हजारांवर झाडं दोन रात्रींत पाडली गेली तेव्हा आम्ही काहीजण तिथे गेलो होतो. पोलिसांनी रस्ताच अडवला होता, आत करवतींचा आवाज येत होता. पाच वर्षांनी त्याच आरेपासून भुयारी मेट्रो सुरू झाली. मी तिने जातो. गार असते, वेळेवर येते, पावसाळ्यात तर देवच आठवतो. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पर्यायी वृक्षलागवडीचे आकडे सांगतं तेव्हा मला सान आठवते. झाडं लावली असतीलही. ते रान ते नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं मानून जगायचं कसं, हे मला कुठल्याही चर्चासत्राने शिकवलं नाही. तिथे एकतर विकासाचे भाट असतात नाहीतर मेट्रोत पाऊल न ठेवण्याची शपथ घेतलेले. आशिताका यातलं काही करत नाही. तो 'चालायचंच' म्हणत नाही. तो जळलेल्या वस्तीत राहतो, ती पुन्हा उभी करायला, आणि या वेळी कशी उभी करायची हे आधी ठरवायला. त्याच्या हातावरचा शाप फिकटतो, वण तेवढा राहतो. वण असलेल्या हातानेच पुढचं काम होणार असतं.

माझा मित्र चित्रपट संपल्यावर एवढंच म्हणाला, "एबोशी युनियन करू देईल का?" म्हणजे पटलं नाही. पण प्रश्न बरोबर विचारला त्याने.

प्रत्येक रडका शेवट थोर असतो, असं मात्र कोणी समजू नये. हल्ली दुःखाचाही धंदा आहे. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये अर्धं विश्व राख होऊन उडतं, आणि त्यात तो कोवळा स्पायडरमॅनही जातो. सगळं थिएटर हुंदके देतंय आणि त्याच्या पुढच्या चित्रपटाची तारीख आधीच जाहीर झालेली. ते दुःख उसनं आणलेलं, पुढच्या वर्षी परत करायच्या बोलीवर. गमावलेलं परत येणार असेल तर ते गमावणं नव्हे, ते मध्यंतर.

'आपल्या लोकांना असले शेवट चालत नाहीत' हेही ऐकून घ्यावं लागतं. चालत नाहीत? 'तुंबाड' बघा. हिंदीत असला तरी माणसं, वाडा, पाऊस आणि हाव अस्सल कोकणातली. २०१८ मध्ये आला तेव्हा धंदा बेताचाच. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. शेवट काय, तर सोन्यापायी शापित झालेला बाप मोहरांनी भरलेली लंगोट मुलापुढे धरतो, आणि मुलगा ती घेत नाही. बापालाच पेटवून देतो. हावेची साखळी तुटली, पण तोडणारा पोर आता बापाला मुकला. एवढं कडू लोकांनी दुसऱ्यांदा तिकीट काढून प्यायलं.

आणि जुन्यात जायचं तर महाभारताचा शेवट कुठे गोड आहे? युद्ध जिंकलेल्या पांडवांतले चौघे आणि द्रौपदी हिमालयात एकेक करून पडतात, धर्मराज एकटा एका कुत्र्यासह वर पोचतो आणि स्वर्गात त्याला आधी दिसतो तो दुर्योधन, ऐटीत बसलेला. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये याच कठोरपणाची ओढ धरली आणि पुढच्या काळात आपलं वाङ्मय मऊ, भाबडं होत गेलं याची खंत केली. तरी तो धागा पुरता तुटला नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं 'गीतरामायण' आपण गोड म्हणून ऐकतो, पण त्याची सुरुवातच बघा: दोन मुलं बापापुढे त्याचीच कथा गातायत, आणि ज्या पत्नीला त्याने वनात सोडलं तिची ती मुलं आहेत हे त्या बापाला अजून ठाऊक नाही. माडगूळकर-फडक्यांनी सगळा गोडवा त्या एका न उच्चारलेल्या दुःखावर तोलला आहे.

तर मग मुलांचं काय? त्या बाबांचं अर्धं वाक्य तिथेच होतं. आत्तापासून कशाला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याच इमारतीतले एक आजोबा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. नातू सहा वर्षांचा. त्याला सांगितलं, आजोबा गावाला गेलेत. आपल्याकडे असंच सांगतात. मलाही लहानपणी सांगितलं होतं. त्यात माया असते, पण गावाला गेलेला माणूस परत येतो. तो पोरगा पुढे कितीतरी दिवस एसटीच्या चौकश्या करायचा. फ्रोडो जहाजात बसतो तेव्हा जादूगार गँडाल्फ मागे राहणाऱ्यांना रडू नका म्हणत नाही. सगळेच अश्रू वाईट नसतात म्हणतो. किनाऱ्यावर तीन मित्र उभे राहतात आणि जहाज खरंच निघून जातं. आमच्या त्या सहा वर्षांच्या मुलाला मी तेव्हा ते दृश्य दाखवलं असतं का? माहीत नाही, त्याच्या आईने दाखवू दिलं नसतं. पण 'गावाला गेले' यापेक्षा ते जास्त खरं होतं, आणि मला वाटतं जास्त दयाळूही.

हाकूचं थोडं वेगळं आहे. तो ज्या नदीचा देव होता ती नदीच बुजवून वर इमारती बांधल्यात. त्याला परतायला जागा नाही. याच चित्रपटात एक चिखलाने लडबडलेला, दुर्गंधीचा देव येतो आणि सगळे मिळून त्याच्या कुशीत रुतलेली सायकल ओढून काढतात, मागोमाग नदीतला सगळा कचरा. मियाझाकींनी स्वतः नदी साफ करताना अशी सायकल ओढलेली होती. मुंबईतल्या मिठी नदीच्या काठाने रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. म्हणून हाकूचं 'भेटू' हे काही वचन म्हणता येत नाही. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोणी विचारत नाही, कधी? ते येणं कबूल करण्यापुरतंच असतं. चिहिरोलाही बहुधा ते कळलेलं आहे. बोगद्यातून बाहेर येईपर्यंत ती मागे वळून बघत नाही. तिच्या केसांत मात्र तिकडे मैत्रांनी विणून दिलेला जांभळा रबर तसाच आहे. बोगद्याच्या तोंडाशी तो क्षणभर चमकतो.

सप्टेंबरात गौरी विसर्जनाला सोसायटीतल्या बायका पालिकेच्या कृत्रिम तलावावर गेल्या, मीही गणपती घेऊन मागे होतो. मुखवटे घरी राहतात, पाण्यात जायचं ते जातं, आणि परतताना तिथली थोडी वाळू आणून घरभर टाकायची, धान्याच्या डब्यापाशी, कुंड्यांत, अशी रीत. निळ्या प्लास्टिकच्या तलावापाशी वाळू कुठली? तिसरीतल्या त्या मुलीच्या आईने इकडेतिकडे बघितलं आणि शेजारच्या बांधकामाच्या ढिगातली चिमूटभर उचलली, लेकीच्या हातावर ठेवली. "हे त्यांच्याकडचं?" मुलीने विचारलं. आई म्हणाली, "हो, धर नीट." लिफ्टमध्ये आम्ही बरोबर होतो. चौथ्या मजल्यापर्यंत तिने दोनदा मूठ उघडून बघितली.